पिकतं तिथं चाखतं कोण?



'पिकतं तिथं विकत नाही' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा उपयोग बहुतेक वेळा माणसांसाठी होतो. गावच्या गवयाला गावात मान नाही, घरच्या वैद्याच्या औषधाला घरात गुण नाही, अशा अर्थानं. आज मी ही म्हण माणसांवरून काढून पुन्हा मालाला लावणार आहे, आणि माल आहे कॉफी. तुम्ही म्हणाल, सांगलीत राहणारा माणूस कॉफीवर काय बोलणार? इथं बोलायचं तर हळदीवर बोलावं, बेदाण्यावर बोलावं, उसाच्या दरावर बोलावं. तर हळद आणि बेदाणा येणारच आहेत, पण कॉफीच्या वाटेनं.

माझा जन्म साताऱ्याचा आणि पोटपाणी सांगलीचं. इथल्या मार्केट यार्डातल्या एका मसाल्याच्या पेढीवर मी तीस-बत्तीस वर्षं नोकरी केली. हळद हा पेढीचा मुख्य धंदा, पण जोडीला काळी मिरीही होती. मिरीच्या खरेदीसाठी दरवर्षी चिकमगळूर आणि कूर्ग या भागांत माझी फेरी व्हायची. मिरजेहून रात्रीची गाडी पकडायची, कडूरला उतरायचं आणि पुढं बसनं घाट गाठायचा. मिरीचा वेल चढतो सिल्व्हर ओकच्या झाडावर आणि सिल्व्हर ओक तिथं उभा असतो तो कॉफीच्या झुडपांना सावली देण्यासाठी. म्हणजे मिरीकडं जायचं तर कॉफीतून वाट काढतच जावं लागतं.

आता आमच्या साताऱ्याच्या घरातली कॉफी कशी होती, ते आधी सांगतो. चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची. मुलगी बघायला पाहुणे आले, कुणी आजारातून उठलं, कोजागरीला आटवलेलं दूध कुणाला सोसत नसलं, तर कॉफी व्हायची. एका पातेल्यात दूध उकळायचं, साखर सढळ हातानं, चमचाभर कॉफीची पूड आणि वर किसलेलं जायफळ. तिचा वास जायफळाचा, चव दुधाची आणि रंग तेवढा कॉफीचा. जगभरात लोक झोप उडावी म्हणून कॉफी पितात. आमच्याकडं झोप चांगली लागावी म्हणून रात्री कॉफी देत. मला ती अजूनही आवडते. पण कॉफीची चव म्हणजे काय, हे त्या कॉफीवरून कळायला वाव नव्हता.

सांगलीत आल्यावर उडुपी हॉटेलांतली कॉफी भेटली. सांगली-मिरज ही कर्नाटकच्या उंबऱ्यावरची गावं, त्यामुळं इडली-डोशाबरोबर कॉफीही इथं लवकर रुळली. ती प्यायल्यावर वाटायचं, इथं जर अशी मिळते, तर जिथं ती पिकते तिथं कशी मिळत असेल!

हे कुतूहल मनात घेऊनच मी पहिल्यांदा चिकमगळूरला गेलो. तो मुलूख साधा नाही. भारतातली कॉफी तिथून सुरू झाली असं मानतात. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे सूफी साधू हजच्या यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आले आणि त्या त्यांनी चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. त्या डोंगरांना आज बाबाबुदनगिरी म्हणतात. अरबांनी तेव्हा कॉफीचं जिवंत बी बाहेर जाऊ नये म्हणून कडक पहारा ठेवला होता. म्हणजे ही कॉफी मुळात आली तीच नजर चुकवून.

पण बसस्टँडसमोरच्या हॉटेलात जी कॉफी पुढं आली, ती सकाळी करून ठेवलेल्या काढ्याची, पुन्हा पुन्हा गरम केलेली होती. चिकोरीचा कडवटपणा जिभेवर नुसता बसून राहिला. मी म्हटलं, बसस्टँडवर कुठल्याच गावात चांगलं काही मिळत नसतं. दुसऱ्या दिवशी मिरी बघायला एका छोट्या बागायतदाराच्या घरी गेलो. माणूस अगत्याचा. अंगणात सिमेंटच्या खळ्यावर त्याची कॉफी वाळत पडलेली, निदान दहा पोती तरी असेल. त्यानं मला खुर्ची दिली, आत आवाज दिला आणि थोड्या वेळानं ट्रेमध्ये कप आले. कपात होती बाटलीतली इन्स्टंट कॉफी. पाहुण्यासाठी खास म्हणून बाहेरून आणलेली.

मी हसत हसत विचारलं, "अहो, अंगणात एवढी कॉफी पडली आहे आणि तुम्ही बाटलीतली पिता?" तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "साहेब, ती कॉफी नाही. ते बी आहे."

श्रोतेहो, या एका वाक्यात अर्धं उत्तर आलं. कॉफीच्या झाडाला लाल फळं लागतात. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ती हातानं तोडतात. मग यंत्रातून साल काढायची, बियांवरचा चिकट गर सुटावा म्हणून त्या हौदात आंबवायच्या, धुवायच्या आणि उन्हात वाळवायच्या. एवढं बागायतदार करतो. वाळलेल्या बीवर कागदासारखं एक टरफल राहतं. ते काढणं, बी निवडणं, आकाराप्रमाणं प्रती पाडणं हे काम हासन, कुशालनगर, मंगळूर अशा ठिकाणच्या कारखान्यांत होतं. तिथून जे बाहेर पडतं ते फिकट हिरवं बी. त्याला वास येतो वाळल्या गवताचा. चावून बघितलं तर दात दुखतात आणि चव काहीच लागत नाही. ते बी दोनशे अंशांच्या आसपास भाजलं, की मग कुठं कॉफीचा तो वास जन्माला येतो. आणि भाजण्याचं काम होतं शहरात, जिथं गिऱ्हाईक आहे तिथं. कारण हिरवं बी महिनोन् महिने टिकतं, पण भाजलेल्या बीचा वास काही आठवड्यांत उतरतो आणि दळलेल्या पुडीचा तर काही दिवसांतच. म्हणून माल हिरवा प्रवास करतो आणि गिऱ्हाइकाच्या दाराशी जाऊन भाजला जातो.

उरलेलं अर्धं उत्तर कायद्यात आणि बाजारात आहे. १९४२ सालच्या कॉफी कायद्यानंतर आपल्याकडं अनेक वर्षं अशी व्यवस्था होती, की बागायतदारानं आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करायची. घरी पिण्यापुरती आणि बियाण्यापुरती तेवढी ठेवायची मुभा. विक्री बोर्ड करणार आणि पैसे हप्त्याहप्त्यानं मिळणार. या व्यवस्थेनं लहान बागायतदाराला आधारही दिला, हे नाकारून चालणार नाही. पण त्यात एक गोष्ट झाली. माझी कॉफी आणि शेजाऱ्याची कॉफी एकाच ढिगात गेली, मग माझी कशी आणि त्याची कशी, हे जाणून घ्यायचं कारणच कुणाला उरलं नाही. १९९० नंतर ही बंधनं टप्प्याटप्प्यानं सैल झाली आणि १९९६ मध्ये सगळ्या बागायतदारांना खुली विक्री करता येऊ लागली. कायदा बदलला, पण सवय तशी लवकर बदलत नाही.

आज देशात साधारण साडेतीन लाख टन कॉफी होते. तिच्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या कर्नाटकाचा. आणि देशातल्या कॉफीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग परदेशी जातो. भाव ठरतो तोही परदेशात. अरेबिका जातीचा न्यूयॉर्कमध्ये आणि रोबस्टाचा लंडनमध्ये. चिकमगळूरचा माणूस सकाळी उठून पावसाकडं बघतो, ब्राझीलच्या थंडीची बातमी वाचतो आणि न्यूयॉर्कचा भाव विचारतो. स्वतःची कॉफी पिऊन बघणं या यादीत कुठं बसतच नाही.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. कॉफी पिकवणाऱ्या देशांत हिंडणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे. केनियाची कॉफी जगात नावाजलेली, पण केनियातली सामान्य माणसं चहा पितात आणि कॉफी जवळजवळ सगळी बाहेर जाते. कोलंबियात निर्यातीच्या मालावर दर्जाची कडक बंधनं होती. त्यामुळं जो माल त्या चाळणीतून खाली पडे, तो देशातल्या लोकांच्या कपात येई. त्या हलक्या मालाला तिथं 'पासिया' म्हणतात. ज्या देशाच्या नावावर दुनिया कॉफी विकत घेते, तिथला माणूस बरीच वर्षं तीच पीत होता.

पण याच्या उलट उदाहरणंही आहेत, आणि आपल्याला शिकायचं आहे ते त्यांच्याकडून. इथिओपिया हे कॉफीचं मूळ घर. तिथं पिकणाऱ्या कॉफीपैकी जवळपास निम्मी तिथंच प्यायली जाते. घरी पाहुणा आला, की यजमानीण त्याच्यासमोर हिरवं बी धुते, तव्यावर भाजते, भाजलेल्या बीचा धूर पाहुण्यासमोर फिरवून त्याला वास देते, मग कुटून मातीच्या भांड्यात उकळते आणि एकामागून एक तीन फेऱ्या वाढते. म्हणजे शेवटची पायरी घरातच आहे. भाजणं घरात असल्यामुळं चांगलं बी कोणतं, हे घरातल्या बाईला कळतं.

दुसरं उदाहरण ब्राझीलचं. तिथंही देशातल्या लोकांना भेसळीची कॉफी मिळे. त्यामुळं लोकांचा कॉफीवरचा विश्वास उडू लागला होता. १९८९ मध्ये तिथल्या कॉफी भाजणाऱ्या कारखानदारांच्या संघटनेनं स्वतःच पुढाकार घेऊन शुद्धतेचा शिक्का सुरू केला. दुकानातला माल उचलून तपासायचा आणि शुद्ध असेल त्यालाच शिक्का. तेव्हा देशात साठ किलोची ऐंशी लाखांच्या आसपास पोती खपत होती. आता ती दोन कोटींच्या वर गेली आहेत. कॉफी पिकवण्यात ब्राझील पहिला आहेच, पण पिण्यातही तो अमेरिकेच्या खालोखाल दुसरा आहे. घरचं गिऱ्हाईक हलक्या मालाचंच असतं, हा समज त्यांनी स्वतःच्या घरात खोटा ठरवला.

मग मला कॉफीच्या मुलखात चांगली कॉफी कधी मिळाली की नाही? मिळाली. तिसऱ्या की चौथ्या फेरीत. बाजारपेठेच्या एका बोळातून जाताना वास आला. नाकासमोर चालत गेलो, तर लहानसं दुकान. आत लोखंडी पिंप आगीवर फिरत होतं आणि एक म्हातारे गृहस्थ दर मिनिटाला चार बिया काढून हातावर बघत होते. मी कॉफी मागितली. त्यांनी उलट प्रश्न केले. फिल्टरमध्ये करणार का पातेल्यात? दूध किती घालता? चिकोरी हवी का, आणि हवी तर किती? आपल्याकडं चांगला शिंपी जसा माप घेतो, तसं त्यांनी माझं माप घेतलं. मग समोर दळून पाव किलोचा पुडा बांधला, आणि आतून स्टीलच्या पेल्यात कॉफी आणून दिली. तिच्यात कडूपणा होता, पण तो तोंडात राहिला नाही. मागून गुळासारखी एक गोडी आली. साखर तिच्यात नव्हतीच, हे मला पेला खाली ठेवल्यावर लक्षात आलं.

त्या दिवसापासून मी एक खूणगाठ बांधली. माल कुठं पिकतो हे विचारू नये, त्याची शेवटची पायरी कुठं होते हे विचारावं. जिथं शेवटचा हात फिरतो, तिथं चांगलं मिळतं.

आता आपल्या घराकडं वळू. कारण ही खूणगाठ घेऊन मी सांगलीला परत आलो आणि मला माझंच गाव वेगळं दिसायला लागलं. बाहेरगावचा पाहुणा सांगलीला येतो आणि म्हणतो, "इथली हळद घेऊन जायची आहे." आपण त्याला कुठं नेतो? किराणा दुकानात. तिथं मिळतो रंगीत पुडा, जो मुंबईतही मिळतो आणि नागपुरातही. सांगली म्हणजे हळदीची देशातली मोठी पेठ. राजापुरी हळदीचे सौदे इथं होतात, बाहेरच्या राज्यांतली हळदही इथं येते. शेजारच्या हरिपूरला जमिनीत खोदलेली पेवं होती. त्यांत हळकुंडं वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, कारण आत हवाच नसायची. पेव उघडल्यावर माणूस एकदम आत उतरत नसे. आधी कंदील सोडून बघत. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीचशी पेवं वाया गेली. म्हणजे साठवायची कला आपली, सौद्याचा शब्द आपला, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हळकुंड दळण्याची आणि पुड्यात भरण्याची पायरी बरीचशी दुसरीकडं. चिकमगळूरचा बागायतदार म्हणाला होता, ती कॉफी नाही, ते बी आहे. आपणही म्हणू शकतो, ती हळद नाही, ते हळकुंड आहे.

बेदाण्याचं तसंच. तासगावचा बेदाणा देशभर जातो. शेडवर सावलीत वाळलेला, लांब, हिरवट, एकसारखा दाणा निवडून पेटीत जातो आणि पेटी शीतगृहातून परराज्यात. आपल्या दिवाळीच्या करंजीत आणि शिऱ्यात बऱ्याचदा पडतो तो बारीक, काळपट, उरलेला. साताऱ्याकडं कोरेगावचा वाघ्या घेवडा घ्या. त्यालाही मानांकन आहे. त्यातला बराचसा उत्तरेकडं जातो आणि तिथं राजमा म्हणून ताटात येतो. दिल्लीचा माणूस आवडीनं खातो, पण तो कोरेगावचा आहे हे त्याला ठाऊक नसतं.

आणि तरीही म्हण सगळीकडं खरी ठरत नाही. साताऱ्याचा कंदी पेढा साताऱ्यातच चांगला मिळतो. का? कारण खवा भाजण्याची शेवटची पायरी साताऱ्यात आहे, आणि पेढा बिघडला तर तोंडावर सांगणारं गिऱ्हाईकही साताऱ्यातच आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या. ती मुंबई-पुण्याला जातेच, पण हंगामात महाबळेश्वरला गेलेला माणूस ती तिथंच खातो, शेतकऱ्याच्या हातून विकत घेतो. कारण पर्यटकांच्या रूपानं गिऱ्हाईक स्वतः बांधापर्यंत चालत येतं. म्हणजे दोन गोष्टी लागतात. शेवटची पायरी जवळ हवी, आणि चव ओळखणारं गिऱ्हाईक जवळ हवं. दोन्हींपैकी एक असेल तरी पिकतं तिथं विकतं.

इथं कुणी विचारेल, की एवढा उपद्व्याप कशाला? चांगला माल बाहेर जातो, पैसे घरात येतात, मग कपात काय पडतं याला महत्त्व किती? प्रश्न रास्त आहे. माल बाहेर जाऊ नये असं मी मुळीच म्हणत नाही. माझं आयुष्य माल बाहेर पाठवण्यातच गेलं. पण मी जे पाहिलं ते सांगतो.

मिरीच्या निमित्तानं ओळख झालेल्या त्या बागायतदाराला एका वर्षी व्यापाऱ्यानं सांगितलं, तुमच्या कॉफीला दोष आहे, भाव कमी मिळेल. दोष कसला, हे तो विचारू शकला नाही. कारण दोष होता चवीचा, आणि आपल्या कॉफीची चव त्याला माहीतच नव्हती. पुढच्या फेरीत मी त्याला त्या बोळातल्या दुकानात घेऊन गेलो. म्हाताऱ्यांनी त्याचं बी भाजलं, आम्हाला पाजलं आणि एका घोटात सांगितलं, "हौदात जास्त वेळ राहिली आहे. आंबट वास येतो." बागायतदारानं पुन्हा एक घोट घेतला. माणूस काही बोलला नाही, पण पुढच्या हंगामात त्यानं धुण्याची वेळ बदलली. आणि त्यानंतर घरात एक छोटी लोखंडी कढई आली. दर तोडणीनंतर मूठभर बी घरी भाजायचं, प्यायचं, आणि मगच व्यापाऱ्याशी बोलायचं. भाव लगेच दुप्पट झाला, असं काही झालं नाही. पण व्यापारी जेव्हा "दोष आहे" म्हणाला, तेव्हा हा विचारू लागला, "कुठल्या पोत्यात?"

हा फरक पैशाचाही आहे आणि मानाचाही. आपल्या मालाची चव ज्याला माहीत नाही, तो दुसरा सांगेल त्या किमतीला विकतो.

आणि दुसरं कारण आहे पडत्या काळाचं. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची निर्यातीच्या कोट्याची व्यवस्था मोडली आणि जगभर भाव गडगडले. २००१-०२ च्या सुमाराला तर ते इतके खाली गेले, की तोडणीचा खर्चही निघेना. पुढं २०२४-२५ मध्ये तेच भाव विक्रमी उंचीवर गेले. हा झोका हलवणारा हात दूर कुठंतरी असतो. अशा वेळी घरात थोडं तरी गिऱ्हाईक असेल, तर पाय टेकायला जागा राहते. आपल्याकडं २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा द्राक्षाचा हंगाम भरात होता. माल जाईना, व्यापारी येईना. तेव्हा अनेकांनी द्राक्षं बेदाण्याकडं वळवली, तर काहींनी गावोगावी, दारोदारी पेट्या विकल्या. त्या आठवड्यांत आपल्याच भागातल्या कित्येकांनी निर्यातीच्या प्रतीचं द्राक्ष पहिल्यांदा खाल्लं. संकटानं का होईना, पिकतं तिथं विकलं गेलं.

आता बदल होतो आहे, हेही सांगायला हवं. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर आणि बाबाबुदनगिरीची अरेबिका, वायनाडची रोबस्टा आणि आंध्रातल्या अराकू खोऱ्यातली कॉफी यांना भौगोलिक मानांकन मिळालं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मळ्याचं नाव, भाजल्याची तारीख लिहिलेले पुडे देशातल्या शहरांत मिळू लागले आहेत. काही बागायतदारांची मुलं स्वतः भाजायला लागली आहेत. आणि कॉफीसाठी कर्नाटकच गाठायला हवं असंही नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही कॉफी होते.

तेव्हा तुम्ही सुटीत कूर्ग-चिकमगळूरला जाणार असाल, तर माझ्या फेऱ्यांतून निघालेल्या चार गोष्टी सांगतो. हॉटेलात नुसती कॉफी म्हणू नका, फिल्टर कॉफी मागा आणि काढा ताजा आहे का ते विचारा. विकत घ्यायची तर पिंप फिरत असलेलं दुकान शोधा. पत्ता विचारायची गरज नाही, नाक पुरतं. भाजली कधी, हे विचारा. ज्याला तारीख सांगता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. पुड्यावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. कायद्यानं चिकोरी एकोणपन्नास टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे निम्मा पुडा एका भाजलेल्या मुळाच्या भुकटीचा असू शकतो. चिकोरी वाईट नाही, दुधातल्या कॉफीला ती दाटपणा देते. पण आपण काय पितो आहोत हे ठाऊक असावं. आणि घ्याल ती थोडी घ्या. किलोभर आणून डब्यात ठेवलेली चांगली कॉफी महिन्याभरात साधी होते.

आणि तुमच्याकडं कुणी पाहुणा आला आणि म्हणाला, सांगलीची हळद हवी, तर त्याला पुडा देऊ नका. यार्डातून चांगली हळकुंडं घ्या. एक मोडून त्याला आतला केशरी रंग दाखवा. मग कांडपावर न्या आणि त्याच्यासमोर दळून द्या. दळताना जो वास सुटतो, तो त्याच्या लक्षात राहील. पुढच्या वर्षी तो तुम्हाला फोन करून हळद मागवेल. कोरेगावचा घेवडा द्या आणि सांगा, दिल्लीचा राजमा म्हणून जो खाता, तो हा. बेदाणा घेताना ओळखीच्या बागायतदाराला म्हणा, पेटीतला दे, उरलेला नको. आणि पेटीतल्याचा भावही द्या. घरच्या गिऱ्हाइकानं घरचा म्हणून स्वस्तात मागितलं, की घरच्या वाट्याला उरलेलंच येतं. यात दोष दर वेळी विकणाऱ्याचा नसतो.

शेतकरी बंधू-भगिनींना एवढीच विनंती, की पहिली पेटी, पहिलं पोतं बाजारात जाण्याआधी त्यातला एक घास घरात ठेवा. देवाला नैवेद्य दाखवतोच आपण, त्यातला प्रसाद नीट चावून, चव घेऊन खा. मुलांना खायला घाला आणि विचारा, गेल्या वर्षीपेक्षा बरं आहे का वाईट. आपल्या हातानं पिकवलेलं काय आहे, हे सर्वांत आधी आपल्या जिभेला कळलं पाहिजे. भाव सांगायला जग आहेच.